गरम, गरम, थंड

१

टेबलावर अकरा बाटल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. आदल्या सकाळी त्यांतला द्रव गुलाबी होता, आता पिवळट पडला होता. प्रत्येक बाटलीत नखाएवढा एक पारदर्शक पडदा. सहा मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी रडता रडता सही करून दिलेले हे बुबुळांवरचे पडदे. बारावा परवाच कोणालातरी बसवला होता, तो तेवढा वाचला. उरलेले अकरा एकाच दुपारी वाया गेले.

हे मला नेत्रपेढीच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या बाई शांत झाल्या की माणसानं घाबरावं, आणि त्या फार शांत होत्या. पडदे ज्या थंड कपाटात ठेवतात, त्याचं तापमान दोन ते आठ अंशांच्या आत राहायला हवं. काल दुपारी ते सोळावर गेलं होतं. अडीचच्या ऑपरेशनसाठी एक शाळामास्तर कपडे बदलून तयार बसले होते, त्यांना परत घरी पाठवावं लागलं.

मी तापमापकं तपासते. तीस वर्षं हेच करते आहे. दवाखाने, डेअऱ्या, औषधांची गोदामं, जिथे म्हणून अंशाला किंमत आहे तिथे मी माझी पेटी घेऊन जाते आणि त्यांचं मापक खरं बोलतं की खोटं ते लिहून देते. 'आठ पॉइंट दोन म्हणजे आठच की हो' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणून लोक मला पाठीमागे पॉइंटबाई म्हणतात. तोंडावरही म्हणतात, मी मनावर घेत नाही.

त्या सकाळी मला बोलावलं होतं माझ्या भावानं. त्याला घरात सगळे धाकटाच म्हणतात. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी एकोणीस. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याची आजारपणं, सगळं माझ्याकडे आलं. इथे तो कॉम्प्युटरचं काम बघतो. आधीच्या मोठ्या डॉक्टरांकडे मीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. आताच्या बाई नंतर आल्या, त्यांना आमचं नातं ठाऊक नव्हतं.

दाखल्याचा फॉर्म त्यानं आधीच भरून छापून ठेवला होता. मला फक्त मापक तपासायचं आणि सही करायची. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, 'तपासणाऱ्याचे संस्थेतील कोणाशी नाते', आणि तिच्यापुढे छापलं होतं, 'नाही'. मी त्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, नातं लिहिलं की उगाच चार प्रश्न विचारतात, राहू दे ना ताई. पॉइंटाखालचं सुद्धा काही न सोडणारी मी, ते मात्र सोडून दिलं.

चार वाजता समिती बसणार होती. मोठ्या डॉक्टर आणि बाहेरचे दोघं. कपाट सांभाळणारे मामा बावीस वर्षं नोकरीत होते. त्यांना निष्काळजीपणाचा शेरा मारून काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. मापक बरोबर आहे एवढा माझा दाखला मिळाला की विषय संपणार होता.

मामा मात्र एकच गोष्ट धरून बसले होते. पाटीवर 'थंड' असं आलं होतं, म्हणून त्यांनी थंडी कमी केली. आणि कॉम्प्युटरच्या कालच्या नोंदीत 'थंड' हा शब्द कुठेही नव्हता.

२

ही पाटी कपाटाच्या वर भिंतीला लावली आहे. दर अर्ध्या तासानं कॉम्प्युटर आतलं तापमान वाचतो. दोनाच्या खाली गेलं असेल तर पाटीवर निळ्या अक्षरांत 'थंड' येतं, आठाच्या वर गेलं असेल तर लाल अक्षरांत 'गरम'. दोहोंच्या मध्ये असेल तर पाटी कोरी. आकडा कधीच दिसत नाही.

आकडा लपवायची अक्कल माझीच. तीन वर्षांपूर्वी इथली माणसं आठ पॉइंट तीन दिसलं तरी 'चालतंय' म्हणून चहाला जायची. मी चिडून लिहून दिलं होतं की आकडा दाखवूच नका, काय करायचं तेवढं कळू द्या. तेव्हापासून नियम असे आहेत. 'गरम' आलं की थंडीचं बटण एक घर वर. 'थंड' आलं की ताबडतोब खाली, कारण गोठलेला पडदा कायमचा जातो. पाटी पेटलेली असताना कपाटाचं दार उघडायचं नाही. आणि लागोपाठ तीनदा 'गरम' आलं तर बाटल्या शेजारच्या राखीव कपाटात हलवायच्या.

मामा त्या खोलीतच स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. आमची ओळख जुनी. मी न विचारताच त्यांनी वही पुढे केली. मामा दर वेळी पाटीवर काय आलं आणि आपण काय केलं ते लिहून ठेवतात. कालचं पान त्यांच्या टपोऱ्या अक्षरात असं होतं: अकरा पाच, गरम, बटण चारावरून पाचावर. अकरा पस्तीस, गरम, पाचावरून सहावर. बारा पाच, थंड, सहावरून चारावर. पुढे एकपर्यंत थंड, थंड, आणि बटण तीन, दोन.

धाकट्यानं छापून दिलेली कॉम्प्युटरची नोंद मी शेजारी धरली. अकरा पाचला आठ पॉइंट तीन पाच, गरम. अकरा पस्तीसला नऊ पॉइंट चार शून्य, गरम. बारा पाचला दहा पॉइंट एक पाच, गरम. पुढे अकरा, तेरा, चौदा, सगळं गरमच. म्हणजे नोंद खरी असेल तर बारा पाचला तिसरं 'गरम' आलं होतं आणि मामांनी बाटल्या हलवायला हव्या होत्या. त्यांनी उलट थंडीच कमी केली.

दोनदा वर नेलेलं बटण माणूस तिसऱ्यांदा एकदम दोन घरं खाली का आणेल, हे मला कळेना. डुलकी लागली असती तर त्यानं बटणाला हातच लावला नसता.

मामा म्हणाले की त्यांनाही ते विचित्र वाटलं होतं. "दीड वाजता मी फोन केला, बाई. म्हटलं एकदा विचारून घ्यावं."

"कोणाला?"

ते जरा घुटमळले. "तुमच्या भावाला. ते म्हणाले, पाटी सांगते तसं करा मामा, पाटी चुकत नाही."

धाकट्यानं सकाळपासून मला सगळं सांगितलं होतं. हा फोन तेवढा सांगितला नव्हता.

३

फोनचं नंतर बघू म्हणून मी लॅबवालीकडे गेले. दोन वाजता ऑपरेशनसाठी बाटली काढायला तिनंच दार उघडलं होतं. चाळिशीची, तिखट जिभेची बाई, आणि मामांशी तिचं चार महिने बोलणं बंद होतं. दार नीट लावत नाहीत अशी तिच्याविषयी त्यांनी वहीत नोंद केली होती, त्याचा राग.

तिला मी विचारलं की दोन वाजता पाटीवर काय होतं. ती म्हणाली, बाटल्या पिवळ्या दिसल्यावर पाटीकडे बघायची शुद्ध कोणाला होती. मग तिनं आपला तर्क मांडला. मामांना रंग दिसत नसणार. लाल आणि निळं सारखंच दिसत असणार, वयाप्रमाणे होतं असं.

तर्क बरा होता, म्हणून मी परत जाऊन मामांसमोर माझ्या पेटीतल्या रंगीत पट्ट्या धरल्या. त्यांनी लाल, निळा, हिरवा असं पटापट सांगितलं, वर विचारलं की बाई, पाटीवर रंगाबरोबर शब्दही येतो ना, मला वाचता येतं. मी ओशाळले.

लॅबवालीला हा निकाल सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले. कपाटाच्या मागच्या पंख्यात मेकॅनिकला एक चिकटपट्टी सापडली होती, तिच्याच बाटलीवरची. ती अडकून पंखा थांबला आणि कपाट तापायला लागलं. हे तिला कालपासून माहीत होतं आणि मामांवर बोट दाखवलं की आपल्याकडे कोणी बघणार नाही असं तिला वाटलं होतं.

मी तिला म्हटलं की पंखा बंद पडणं हा अपघात आहे, असल्या अपघातासाठीच तर राखीव कपाट ठेवलंय. बाटल्या पिवळ्या पडल्या त्या पंख्यामुळे नाहीत. तिसऱ्या वेळी कोणीतरी मामांना चुकीचा शब्द सांगितला, किंवा त्यांनी तो चुकीचा वाचला, त्यामुळे पडल्या.

तिनं नाक पुसलं. मामांवर तिचा राग असला तरी ते खोटं लिहितील असं तिला वाटत नव्हतं. "त्यांना लिहायचं वेडच आहे हो. सफाईला कपाट बंद करतो ना, रिकामं असतं, तेव्हाही पाटी बघून लिहितात. मोठ्या डॉक्टर दर शनिवारी सही करतात. वाचत कोणीच नाही."

मीही तेव्हा ते नुसतं ऐकलं.

४

मग मी माझं खरं काम केलं. धाकटा शेजारी खुर्ची टाकून बसला. कपाटातला सेन्सर मी बाहेर काढला, बर्फाच्या पाण्यात ठेवला. त्यानं शून्य पॉइंट शून्य दोन दाखवलं, पाटीवर 'थंड' आलं. बरोबर. पाच अंशांच्या पाण्यात पाटी कोरी. बरोबर. मग मुद्दाम बारा अंशांच्या पाण्यात ठेवला. पाटीवर लालभडक 'गरम' आलं.

सेन्सर खरा, पाटी खरी. राहिले मामा. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, कारण फोनच्या गोष्टीनं मनात जे आलं होतं ते मला यायला नको होतं. मी धाकट्याला फोनचं विचारलंही. तो म्हणाला, हो केला होता, मी घाईत होतो, पाटी म्हणते तसं करा म्हटलं. पाटी 'गरम' म्हणत होती, त्यांनी ऐकलं नाही त्याला मी काय करू.

यात खोट काढता येत नव्हती. मी पेटी आवरायला घेतली. सहज, उगाच बोलायला काहीतरी म्हणून विचारलं, "हल्ली पॉइंटाचं काय करतोस रे? शेलला पॉइंट चालत नाही ना?"

त्यानं स्क्रीनवर मला सूचनांची ती यादी दाखवली. शेल म्हणजे कॉम्प्युटरशी ओळीओळीनं बोलायची जुनी पद्धत. पाटीवर कधी कोणता शब्द येईल ते त्यानं तिच्यातच लिहून ठेवलं आहे. तुलनेचं काम तिथे एका वेगळ्या हिशेबी प्रोग्रामकडे सोपवलेलं होतं, त्याला पॉइंट नीट कळतो. मी मान डोलावली.

"हे केव्हा केलंस?"

"हे? हे पहिल्या दिवसापासून असंच आहे, ताई."

माझ्या हातातलं काचेचं तापमापक मी फार जपून पेटीत ठेवलं. त्याच्याशिवाय जगात एकच माणूस असा होता ज्याला हे खोटं आहे हे माहीत होतं, आणि तो माणूस मी होते.

५

पहिल्या दिवशी ती यादी माझ्या जेवणाच्या टेबलावर लिहिली गेली होती. धाकटा डोकं धरून बसला होता. शेलला 'याहून मोठा का' असं विचारलं की तिला फक्त पूर्ण आकडे कळतात. आठ पॉइंट तीन दिलं की ती तक्रार करते, तपासणी तिथेच सोडते, आणि पाटी कोरी राहते. दुसरं एक टोकदार चिन्ह आहे, ते तक्रार करत नाही, पण ते वापरायचं नाही, असं त्यानंच मला समजावलं होतं. कारण ते आकड्यांना अक्षरं समजतं. हजेरीत नावं लावतात तसं आधी पहिलं अक्षर बघतं, तिथे फरक दिसला की पुढचं न बघता निकाल देतं.

मी त्याला म्हटलं होतं, पॉइंट पुसून टाक की, दोन्हीकडचा. आठ पॉइंट तीनचे त्र्याऐंशी, आठ पॉइंट शून्यचे ऐंशी. मग आहेतच पूर्ण आकडे. तो उठून मला मिठी मारून गेला होता. पहिल्या दिवशी होतं ते हे.

पण तीन महिन्यांपूर्वी मीच जुना सेन्सर काढून नवा बसवला. जुना पॉइंटानंतर एक आकडा द्यायचा, नवा दोन देतो. पाच पॉइंट एक शून्यचा पॉइंट पुसला तर पाचशे दहा होतात, आणि ते ऐंशीहून मोठेच. म्हणजे त्या दिवशी पाटी सारखी 'गरम' म्हणून ओरडली असणार, आणि धाकट्यानं घाईघाईत काहीतरी बदललं असणार. काय बदललं? जर त्यानं ते टोकदार चिन्ह टाकलं असेल तर?

मी जिन्यावरच्या खिडकीत उभी राहून बोटांवर मांडून पाहिलं. आठ पॉइंट तीन पाच: पहिलं अक्षर आठ, ते सारखंच, पण पुढे जास्त, म्हणून गरम. नऊ पॉइंट चार: गरम. दहा पॉइंट एक पाच: पहिलं अक्षर एक. एक हा दोनाच्या आधी येतो. म्हणजे शेलच्या लेखी दहा अंश हे दोन अंशांहून कमी. थंड.

गरम, गरम, थंड. मामांच्या वहीत जे होतं तेच.

त्यानं चिन्ह बसवल्यावर तपासलंही असेल. दीड घालून पाहिलं असेल, पाच घालून पाहिलं असेल, नऊ घालून पाहिलं असेल. सगळं बरोबर आलं असेल. दहा कोणी घालून पाहिले नसणार.

पण हे सगळं माझ्या डोक्यात. कालच्या प्रकारानंतर त्यानं यादी दुरुस्त केली होती आणि जुन्या तापमानांवर नवे शब्द चढवून नोंद पुन्हा छापली होती. समिती मला विचारणार, पुरावा काय. तेव्हा मला लॅबवालीचं वाक्य आठवलं. सफाईला कपाट बंद असतं तेव्हाही लिहितात.

मी मामांकडून वही परत घेतली. सफाई एकाआड एक शुक्रवारी. जुना सेन्सर होता तोवरच्या प्रत्येक सफाईला, कपाट बंद केल्यावर: गरम, गरम, गरम, गरम. नवा सेन्सर आल्यानंतरच्या सफाईला: गरम, थंड, थंड, आणि मग पाटी कोरी. तेही पटलं. कपाट खोलीइतकं तापून वीस अंशांच्या वर गेलं की पहिलं अक्षर दोन होतं, दोनाहून कमी नाही आणि आठाहून मोठं नाही. बंद कपाट, बावीस अंश, आणि पाटी म्हणते सगळं ठीक आहे.

सगळ्या पानांवर मोठ्या डॉक्टरांची सही आणि तारीख. कालची चूक झाकायला मामा तीन महिने आधी खोटं लिहिणार नव्हते. मी पान उलटलं. सहा आठवड्यांपूर्वीच्या सफाईपुढे समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बंद कपाटात थंड? कॉम्प्युटरवाल्यांना सांगितले. म्हणाले, करतो दुरुस्त.'

त्याला सहा आठवडे माहीत होतं.

६

पावणेचारला तो जिन्यावरून वर येताना दिसला, लॅपटॉप छातीशी धरून. मी वही उघडी करून त्याच्यापुढे धरली. त्यानं समास वाचला आणि पायरीवर बसला. मी बसले नाही.

तो भराभर बोलत सुटला. करणारच होता दुरुस्त, रोज दुसरं काम निघायचं. चालू कपाट दहावर कधी जाईल असं त्याला वाटलंच नव्हतं. मामांचा फोन आला तेव्हा तो दुसऱ्याच गडबडीत होता. दोन वाजता आरडाओरडा ऐकला तेव्हा त्याला सगळं एका क्षणात कळलं. तीन वाजेपर्यंत त्यानं यादी बदलली, नोंद बदलली.

मी म्हटलं, "आणि मामा?"

"मामा दोन वर्षांत रिटायरच होणार आहेत, ताई. माझी अजून सतरा वर्षं आहेत."

तो पाय घसरून पडला असता तर मी त्याला उचललं असतं. चूक कबूल करून माझ्या पदरात तोंड लपवलं असतं तरी मी त्याच्यासाठी समितीचे पाय धरले असते. पण हे त्यानं मनाशी हिशेब मांडून केलं होतं. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस वजा, आपण शिल्लक. हा हिशेब मी त्याला शिकवला नव्हता.

"मला का बोलावलंस? गावात तपासणारे दुसरे नाहीत?"

त्यानं लॅपटॉप मांडीवर ठेवला. मग खाली बघून म्हणाला, "तुझी सही असली की पुढे कोणी काही विचारत नाही."

तीस वर्षं मी खरं तेच लिहिलं, त्या खरेपणाची त्यानं बरोबर किंमत केली होती. मी बर्फाच्या पाण्यात खरं तपासणार, खरा दाखला देणार, आणि त्या खऱ्या दाखल्यानं मामा बुडणार. मला खोटं बोलायलाही लावायचं नव्हतं त्याला. माझं खरंच त्याच्या उपयोगाचं होतं. अशी फसवणूक परक्याला जमली नसती, त्याला मला इतकं ओळखायला हवं होतं.

मी वही मिटली. तो माझ्या पाठीमागे म्हणाला, "आकडा दाखवू नका हे तूच सांगितलं होतंस. आकडा दिसला असता तर मामांना कळलं असतं."

हे खरं होतं, आणि त्याला ठाऊक होतं की ते मला कुठे लागेल.

७

समितीसमोर मी आधी तेच सांगितलं. आकडा लपवायचा सल्ला माझा होता, चुकीचा होता. माणूस पॉइंट सोडून देईल या भीतीनं मी त्याच्या हातातून आख्खा आकडाच काढून घेतला. नाहीतर मामांनी दहा वाचले असते आणि पाटीला वेड्यात काढलं असतं.

मग मी वहीतली सफाईची पानं त्यांच्यापुढे एकेक करून ठेवली. त्यांनी आपल्याच सह्या पाहिल्या, मग पहिल्यांदाच सह्यांच्या वरचं वाचलं. बाहेरच्या दोघांपैकी एकानं विचारलं की कॉम्प्युटर असा कसा चुकेल, दहा आणि दोन लहान पोराला कळतात.

मी म्हटलं, "धाकट्या, टाइप कर. ते चिन्ह घाल. दहा पॉइंट एक पाच."

तो लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसला होता. मला वाटलं तो करणार नाही. मग त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. तिच्यावर एकच शब्द होता, 'थंड'.

मोठ्या डॉक्टरांनी त्याला एवढंच विचारलं की हे कधीपासून माहीत आहे. तो म्हणाला, सहा आठवडे. त्या म्हणाल्या की अकरा बाटल्यांचं उत्तर त्याला द्यावं लागेल आणि आज बाहेर जाताना चाव्या टेबलावर ठेवाव्या लागतील. आवाज चढवला नाही.

मामांना आत बोलावून सांगितलं की त्यांच्यावर काही नाही. ते खूश झालेले दिसले नाहीत. ते धाकट्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला फोन केला होता हो. तुमच्यावर भरवसा होता म्हणून केला होता." धाकट्यानं लॅपटॉप मिटला. मग मामांनी मला विचारलं की आता पाटीवर आकडा येईल का. मी म्हटलं, येईल. पॉइंटासकट? पॉइंटासकट.

राहिला होता माझा दाखला. फॉर्म सकाळपासून माझ्या पेटीत होता. सेन्सर बरोबर आहे, हे लिहिलं. पाटीची यादी काल दोननंतर बदलली, हे लिहिलं. त्याआधी ती दहा अंशांना थंड म्हणत होती, हे लिहिलं. शेवटी तळाच्या ओळीवर आले. 'नाही' हा शब्द मी एका रेघेनं खोडला, शेजारी 'सख्खी बहीण' असं लिहिलं आणि खोडल्याची सही केली. मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद फायलीत लावला.

धाकटा चाव्या ठेवून गेला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्याला थांबवलं नाही. तो दाखला अजून त्यांच्या फायलीत आहे. त्यातली प्रत्येक ओळ खरी आहे.